कयाकच्या पोटात कोण जाणार?

खाडीत चिखल. चिखलात निवटी. निवटी म्हणजे उड्या मारणारी बोटभर मासोळी.

काठावर एक कयाक होती. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची होडी. केशरी, प्लॅस्टिकची, पोटात पोकळ. भरती आली की कयाक डुलायची. डुलुक डुलुक. निवटी तिच्या बसायच्या खळग्यात निजायची. स्वप्नं पाण्यासारखी यायची, पाण्यासारखी जायची.

एका संध्याकाळी आवाज झाला. टप्. कयाकची कडी निघून पडली. कडीला दोरी होती. दोरी खुंट्याला होती. आता कयाक मोकळी. भरती आली की वाहून जाणार.

इतके दिवस कडीला धरून होते खिळेआजोबा. गंजलेले. त्यांचं आयुष्य लाकडी होड्यांत गेलेलं. प्लॅस्टिकला खिळा धरत नाही, हे त्यांना कळत नव्हतं. कळून घ्यायचंही नव्हतं. चिखलात पडल्या पडल्या ते म्हणाले, आमच्या वेळी असं नव्हतं. आणि घोरू लागले. घुर्र घुर्र.

निवटी थोडं रडली. मग निघाली. टुणुक टुणुक.

"कडीताई, कडीताई, कयाकला लाग ना."

"मी नाही लागायची. आधी धरणारा आण."

काठावर एक डबा होता. डब्यात स्क्रू, बोल्ट, नट, सगळी मोठी मंडळी लोळत होती. स्क्रूकाका म्हणाले, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. भोकात शिरले. गिर्र गिर्र, गिर्र गिर्र. प्लॅस्टिक पातळ. काका नुसते फिरत राहिले. कडीला जरा ओढलं, तर काका बाहेर. भोकच वाईट आहे, म्हणाले.

मग निवटी बोल्टमामांकडे गेली. टुणुक टुणुक. मामा चकचकीत. खाऱ्या पाण्यातही न गंजणारे.

"बोल्टमामा, बोल्टमामा, कडीला धरा ना.
कडी म्हणते, धरणारा हवा.
कडी नाही तर दोरी नाही.
दोरी नाही तर कयाक जाते.
मग मी निजू कुठे?"

"मी नाही धरायचा. आधी नट आण."

निवटी नटभाऊंकडे गेली. टुणुक टुणुक.

"नटभाऊ, नटभाऊ, बोल्टला लागा ना.
बोल्ट म्हणतो, नट हवा.
कडी म्हणते, धरणारा हवा.
कडी नाही तर दोरी नाही.
दोरी नाही तर कयाक जाते.
मग मी निजू कुठे?"

"मी नाही लागायचा. प्लॅस्टिकमध्ये रुतेन. आधी वॉशर आण."

निवटी वॉशरमावशीकडे गेली. टुणुक टुणुक. मावशी गोल, पसरट, पोळीसारखी.

"वॉशरमावशी, वॉशरमावशी, नटाखाली बस ना.
नट म्हणतो, वॉशर हवी.
बोल्ट म्हणतो, नट हवा.
कडी म्हणते, धरणारा हवा.
कडी नाही तर दोरी नाही.
दोरी नाही तर कयाक जाते.
मग मी निजू कुठे?"

"मी नाही बसायची. फटीतून पाणी शिरेल. आधी रबर आण."

निवटी रबरआत्याकडे गेली. टुणुक टुणुक. आत्या जांभया देत होती.

"रबरआत्या, रबरआत्या, फटीत दब ना.
वॉशर म्हणते, रबर हवी.
नट म्हणतो, वॉशर हवी.
बोल्ट म्हणतो, नट हवा.
कडी म्हणते, धरणारा हवा.
कडी नाही तर दोरी नाही.
दोरी नाही तर कयाक जाते.
मग मी निजू कुठे?"

"मी नाही दबायची. नट आतून धरावा लागतो. कयाकच्या पोटात कोण जाणार?"

कोण जाणार? काठावरून खेकडेमामा म्हणाले, मी आडवा चालतो, मला जमायचं नाही. शिवाय आत काळोख आहे. डब्यातले सगळे म्हणाले, हो हो, आत काळोख आहे. तू लहान आहेस, तूही जाऊ नकोस.

पाणी चढू लागलं. चुळुक चुळुक. कयाकची शेपटी हलली.

निवटीने सगळ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी जाते."

आणि नट, वॉशर, रबर पाठीवर घेऊन खळग्यातून आत गेली. टुणुक... टुणुक... पार टोकापर्यंत.

आत काळोख नव्हताच.

मावळतीचं ऊन प्लॅस्टिकमधून झिरपत होतं. वर केशरी, खाली केशरी. निवटीचे पंखही केशरी. संत्र्याच्या फोडीत शिरल्यासारखं वाटत होतं. भिंतींवर पाण्याच्या सावल्या हळूहळू पोहत होत्या. मोठी मंडळी इथे आधी कधी आलीच नव्हती. नुसतीच सांगत होती.

निवटीने दोन्ही पंखांनी नट धरला.
निवटीने धरलं, तशी रबर दबली.
रबर दबली, तशी वॉशर बसली.
वॉशर बसली, तसा नट लागला.
नट लागला, तसा बोल्ट आवळला. गिर्र गिर्र गच्च.
बोल्टने धरलं, तशी कडी लागली.
कडी लागली, तशी दोरी ताणली.
आणि भरती आली.

कयाक उचलली गेली. जरा पुढे गेली. दोरीने तिला हळूच मागे ओढलं. ये गं, इथेच राहा.

खिळेआजोबा जागे झाले. म्हणाले, बघा, मी म्हणत होतोच. आणि पुन्हा घोरू लागले.

निवटी बाहेर आलीच नाही. केशरी भिंती गुलाबी झाल्या. गुलाबीच्या जांभळ्या झाल्या. जांभळ्यात निवटी निजली. वर आभाळ, खाली पाणी, मध्ये निवटी.

डुलुक डुलुक.

गोष्ट बांधली खुंट्याला. आता तुझ्या पापण्याही डुलुक डुलुक.