मोठ्या करवतीला साजेसं काम

हत्यारं अजून बोलत होती तेव्हाची गोष्ट. भर पावसाळ्यात वादळ झालं आणि दाजी धुरींच्या बागेतल्या पोफळी आडव्या झाल्या. त्या कापायला दाजी मशीनची करवत आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "दाजी, पोफळीला ही लहान पुरे." पण दाजींनी सर्वांत लांब पात्याची उचलली, कारण वाडीत तेवढी कोणाकडेच नव्हती.

चिखलात उभं राहून ती जड करवत कोणालाच पेलवेना. शेवटी सगळ्या पोफळी जुन्या कोयत्यानेच तोडल्या. खंडेनवमीला मात्र झेंडूचा हार करवतीला पडला. कोयत्यावर साधं फूल ठेवायचंही कोणाला सुचलं नाही.

"हाराचं मला काही नाही," कोयता म्हणाला. "पण तू इथे नुसती बसून करणार काय?"

"माझ्याजोगं काम मालक शोधतील," करवत म्हणाली.

जमीन सुकल्यावर दाजी तिला घेऊन बांधावरच्या फणसाकडे गेले. वादळात त्याची एक फांदीही मोडली नव्हती. दुपारपर्यंत फणस आडवा झाला आणि दाजी खूश होऊन म्हणाले, "बघा, मशीन कशी कामाला आली."

करवत घरी परतल्यावर कोयत्याला राहवलं नाही. "त्याला वादळानेसुद्धा सोडलं होतं," तो करवतीला म्हणाला. "तुला आणलं पडलेली झाडं कापायला. आता तुझा मोठेपणा राखायला उभी झाडं पाडायची काय?"

दाजी तेव्हा अंगणातल्या आंब्याला कवेत घेऊन त्याचा घेर बघत होते.