चरकाला टांगलेली सांडशी

पाडळशीच्या थांब्यावर उतरले की समोर करंजाचे झाड दिसते आणि झाडामागे कळसाईतांच्या कारखान्याचे फाटक. फाटकाच्या डाव्या अंगाला एक जुना चरक गुडघाभर जमिनीत गाडलेला आहे. उसाचा रस काढायचा, उभ्या रुळांचा, बैलांनी फिरवायचा चरक. त्याच्या माथ्याला साखळीने लोहाराची लांब सांडशी टांगली आहे. गंजून तिचे तोंड आता उघडत नाही. येणारेजाणारे देव समजून हात जोडतात. तो देव नाही. त्याला शेंदूर लावत नाहीत, त्याच्यापुढे नारळ फोडत नाहीत. कारखान्याचा माणूस तिथून जाताना मान खाली घालतो, एवढेच.

पाहुण्याने विचारले तर गावातला जाणता माणूस हकिकत सांगतो. ती अशी.

कळसाईत जातीचे लोहार. त्यांचा मूळपुरुष म्हादबा. नांगराचे फाळ, विळे, खुरपी करून पोट भरणारा माणूस. त्या काळी गुऱ्हाळावर लाकडी चरक असत. ते कुरकुरत, रस कमी देत, दर हंगामाला झिजत. म्हादबा परमुलखात जाऊन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायला शिकला, परत आला आणि याच माळावर त्याने भट्टी घातली. पहिला बिडाचा चरक फिरला तेव्हा रसाची धार मनगटाएवढी पडली म्हणे. मग काय, गाड्यांची रांग लागली. पाडळशीत शेती कोरडवाहू. पण घराघरातला माणूस भट्टीवर कामाला लागला. कुणी साच्याची माती मळे, कुणी कोळसा फोडी, कुणी रूळ घासून काढी. भट्टी पेटली की गावात चूल पेटे. म्हादबाला मेस्त्री म्हणू लागले. मेस्त्री पाराजवळून गेला की बसलेली माणसे उठत. त्याला ते आवडे. त्याने तसे कधी बोलून दाखवले नाही.

मग हात जाऊ लागले.

पहिला हात गेला वरल्या वस्तीवरच्या तानाचा. गुऱ्हाळावर चरकाच्या तोंडाशी बसून ऊस घालायचे काम बायकांकडे असे. उसाचे शेवटचे कांडे आत सारताना रुळांनी तिची बोटे धरली, आणि बैल थांबेपर्यंत कोपरापर्यंत हात गेला. लाकडी चरकात बोट सापडले तर चेंगरे, पण सुटे. लाकूड दबते. बीड दबत नाही आणि धरलेले सोडत नाही. तानाचा चेंगरलेला हात वैदूने कोपरापासून काढला आणि जखम बांधून दिली. ती जगली.

लोक हळहळले आणि विसरले. पुढे दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्याचा पंजा गेला. मग एका लेकुरवाळीचा. आता कुजबुज सुरू झाली. म्हादबाच्या चरकाला हाताची चटक लागली, असे लोक म्हणू लागले. कुणी त्याला हातखाऊ नाव दिले.

म्हादबा घाबरला. सगळे चरक त्याने स्वतः चालवून पाहिले होते. ऊस घातला होता, रस पाहिला होता. कुठे तडा नव्हता, रूळ डुगडुगत नव्हता. दोष सापडला असता तर त्याने घणाने फोडला असता. दोष सापडत नव्हता, म्हणून भीती होती. आपण ओतले ते लोखंड की आणखी काही, हे त्याचे त्यालाच कळेना.

देवऋषी आला. भट्टीभोवती फिरला, राख हुंगली आणि म्हणाला, "पहिल्या ओतणीला भट्टीला काय दिलंस?"

"काही नाही. नारळ दिला."

"मग ती आपलं आपण घेतीया."

म्हादबाने बोकड दिला. रक्त भट्टीच्या तोंडाशी शिंपडले. आठवडा सरला नाही तोच निरोप आला, आणखी एक हात गेला.

त्यानंतर जे बोलले गेले ते फार वाईट होते. बोकडाने भागत नाही, आता मेस्त्री माणूस देणार, असे लोक बोलू लागले. म्हादबा रस्त्याने निघाला की बाया पोरांना आत ओढून कड्या लावत. पाराजवळची माणसे उठत, पण मानासाठी नव्हे, निघून जाण्यासाठी. विकलेले चरक गाड्यांवर घालून लोक परत आणू लागले. कारखान्याच्या अंगणात ते ओळीने उभे राहिले, तोंडे घराकडे करून. म्हादबाची सून पाण्याला जायची ती अंगण सोडून, काटेरी कुंपणातून वाट काढून. भट्टी थंड पडली. भर दुपारी म्हादबा सोप्यात बसे आणि चरकांच्या काळ्या फटींकडे बघे. त्याला घाम फुटे. पण तो कुणाला काही सांगत नसे. सांगायचे कुणाला? जो माणूस लोखंड वितळवतो त्याने लोखंडाला भ्यायचे?

एका बाजारच्या दिवशी सकाळी फाटकाशी बैलजोडी येऊन उभी राहिली. पुढे सिदा होता, तानाचा नवरा. मागे ताना. तिच्या डोक्यावर उसाची मोळी होती आणि उरलेल्या हाताने तिने ती धरली होती. बाजाराला निघालेली माणसे थांबली. बघता बघता माळ भरला.

तानाने मोळी खाली टाकली.

"मेस्त्री, ह्यातला कुठलाबी एक चरक मांडा. मी बघणार हाय."

"काय बघणार?" म्हादबाने विचारले.

"तुमी ऊस घालताना."

म्हादबाचा मुलगा केरबा पुढे झाला. "ताई, आमच्या आबांनी समदे चरक ऊस घालून बघितल्यात. एक बी त्यांनी तसाच धाडला न्हाई."

"मग आज मलाबी दिसू द्या की."

गर्दीतून गणू न्हावी ओरडला, "मेस्त्री, बोकड मारून झाला. आता ऊस तरी मारा!" माणसे हसली.

नाही म्हणायला म्हादबाची जीभ उचलली नाही. गावासमोर तो नाही म्हणणारा नव्हता. त्याने चरक मांडायला सांगितला. दांडा बसवला, सिदाने बैल जुंपले. म्हादबा चरकाच्या तोंडाशी बसला. त्याने डाव्या हाताने ऊस उचलला आणि उजवा हात सवयीने मागे केला. केरबाने तितक्याच सवयीने त्या हातात सांडशी दिली. म्हादबाने सांडशीत ऊस धरला आणि चरकाच्या तोंडाला लावला.

ताना हसली नाही, रागावलीही नाही. ती वाकून सांडशीकडे बघत राहिली.

"मेस्त्री," ती म्हणाली, "हे काय धरलंय?"

"सांडशी."

"रोज अशीच धरता?"

म्हादबाने हातातल्या सांडशीकडे पाहिले. असे सांगतात की त्या वेळी त्याचा चेहरा राखेसारखा झाला. लोहार जन्मला की सांडशी हातात घेतो. तापलेले, थंड, जड, हलके, सगळे तो सांडशीने धरतो. म्हादबाने आजवर प्रत्येक चरकात ऊस घातला होता तो सांडशीने. तिच्या लांबीएवढा लांब बसून. ऊस घालणारीची बसायची जागा कुठे, तिचा हात कुठवर जातो, शेवटचे कांडे कसे सारते, हे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते. चरकाचे तोंड त्याने सांडशीसाठी केले होते.

"ती ठिवा," ताना म्हणाली. "मला कुणी दिली नव्हती."

म्हादबाने सांडशी खाली ठेवली. ती दगडावर वाजली तो आवाज सगळ्या माळाला ऐकू गेला.

"आबा, मी बसतो," केरबा म्हणाला.

"चरक कुणी ओतला?" म्हादबाने विचारले. "मग तू गप."

मग त्याने मान वर करून बैलांमागे उभ्या सिदाकडे पाहिले. हातात आसूड. बायकोचा हात गेल्यापासून सिदा गावात कुणाशी बोलला नव्हता. आपला हात आता या माणसाच्या हाती आहे, हे म्हादबाला कळले. पळून जावे असे त्याला वाटले. तो बसून राहिला.

"हाक," तो म्हणाला.

बैल चालू लागले. रूळ फिरले. पहिला ऊस गेला, दुसरा गेला. रस पडू लागला. रूळ ऊस नुसता घेत नव्हते, हिसकत होते. प्रत्येक हिसक्याला म्हादबाचा खांदा पुढे ओढला जाई. त्याचा सदरा भिजला. त्याला वाटले, भट्टीच्या धगीपुढे मी उभा राहिलो तेव्हा इतका भ्यालो नव्हतो. आणि या बाया हे दिवसभर करतात, एकमेकींशी बोलत, कडेला निजलेल्या पोराला हाक मारत.

एका उसाचे शेवटचे कांडे उरले. वीतभर. त्याला गाठ होती. ते आडवे झाले. म्हादबाने ते सरळ करायला बोट लावले.

रुळांनी बोटे धरली.

तो ओरडला की नाही याबद्दल लोकांत एकमत नाही. सिदाने आसूड वर केलेला मात्र सगळ्यांनी पाहिला. आणि त्याच क्षणी बैल थांबले. सिदाने थांबवले असे काहीजण म्हणतात. पण सिदा मरेपर्यंत सांगत होता, "मी न्हाई थांबिवलं. मी थांबिवलं नसतं." बैल आपले आपण थांबले, असेच गाव मानते.

पण थांबून भागणार नव्हते. बोटे आत होती. रूळ उलटे फिरले तरच ती निघणार, आणि बैल मागे सरल्याशिवाय दांडा मागे येत नाही. जुंपलेला बैल पुढे चालायला शिकलेला असतो. केरबा दांड्याला भिडला, आणखी माणसे भिडली. बैल फुरफुरले आणि उलट पुढे जोर करू लागले. आणखी एक पाऊल, की पंजा गेला असता.

तेव्हा ताना बैलांच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिली. तिने आपला उरलेला पंजा आधी एका बैलाच्या कपाळावर ठेवला, मग दुसऱ्याच्या. काय बोलली ते कुणाला ऐकू आले नाही. आणि बैल मागे सरले. जन्मात कधी जुवाखाली मागे न गेलेली ती जोडी एक एक खूर मागे टाकत सरली, असे सांगतात. रूळ उलटे फिरले. म्हादबाचा हात बाहेर आला. बोटांची पेरे चपटी झाली होती. त्या हाताने त्याने पुन्हा कधी घण उचलला नाही.

बायांनी नंतर तानाला विचारले, का गं वाचवलंस त्याला?

ताना म्हणाली, "त्याचा हात घिऊन मी काय करू? माझ्या कोपराला बसणार व्हता का?"

म्हादबा उठून बसता झाला तेव्हा त्याने पहिले काम हे केले. परत आलेले चरक फोडून पुन्हा भट्टीत घातले. न परतलेले गाडी धाडून आणवले. नव्या चरकाच्या तोंडाला बिडाचा ओठ ओतला, हातभर लांब. ऊस जाईल पण मूठ जाणार नाही, असा अरुंद. तो त्याने ताना आणि गुऱ्हाळावरच्या बायांना बसवून, त्यांच्या हातांच्या मापाने केला. लोक म्हणाले, ओठामुळे ऊस सावकाश जातो. म्हादबा म्हणाला, जाऊ द्या सावकाश, नको असेल त्याने दुसरीकडे घ्यावा. ज्या चरकाने त्याची बोटे धरली तो तेवढा त्याने फोडला नाही. फाटकाशी गाडला आणि त्याला आपली सांडशी टांगली.

आणि त्याने दंडक घातला. कळसाईतांचा कोणताही चरक गावाबाहेर जाण्याआधी पहिला ऊस कळसाईताने घालायचा, उघड्या हाताने. बैल हाकायचे तानाच्या घरच्या माणसाने.

आता बैल गेले. चरक विजेवर फिरतात, रूळ आडवे झाले, कारखान्यावर पत्र्याची मोठी छपरे आली. म्हादबाच्या पणतूची मुले धंदा बघतात. पण नवा चरक तयार झाला की वरल्या वस्तीवर निरोप जातो. तानाच्या घरची बाई येते आणि बटणाशी बसते. कळसाईत बाह्या वर सारून चरकापुढे बसतो. दोन्ही पंजे तिला दाखवतो. ओठ आहे, हात जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

तरी ती विचारते, "भ्या वाटतंय का?"

एकदा शहरात शिकून आलेल्या एका कळसाईताने हसून "नाही" म्हटले. बाईने पदर खोचला आणि ती घरी गेली. चरक तिथेच राहिला. गिऱ्हाईक दारात, गाडी दारात. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा बाप स्वतः चरकापुढे बसला, तेव्हा ती आली. म्हादबाने सांगून ठेवले आहे की ज्याला भीती वाटत नाही त्याने ओतलेला चरक कुणाच्या दारात उभा करू नये.

आजही पाडळशीत नवा चरक सुरू होण्याआधी सगळा कारखाना गप्प होतो. भट्टीवरचा माणूससुद्धा हात थांबवतो. फाटकाबाहेर करंजाखाली उभे राहिले तर बाईचा प्रश्न ऐकू येतो. मग आतून कळसाईताचे उत्तर येते, हळू आवाजात.

"वाटतंय."

आणि बटण दाबले जाते.