माहेरी निघालेल्या खडस माशाची कहाणी

ऐका आसरादेवींनो, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराखाली नदी होती, नदीत डोह होता. डोहाकाठी ठकू भोईण राही. तिची एकुलती लेक पुतळा, नदीपल्याड दिलेली.

पुतळेला दिवस राहिले. सांगावा आला, "आये, खडस माशाची गाबोळी खावीशी वाटते गं." आता आईच ती! लेकीनं मागितलं, की तिला दुसरं काही दिसतंय होय? मिरग लागला होता, खडस मासे अंड्यांनी जड होऊन धारेविरुद्ध वर, चढणीला निघाले होते. ठकूनं अरुंद धारेत जाळं लावलं. भरल्या पोटाची खडस सापडली. ती चिरली, पोटातली अंड्यांची गाबोळी तळली, लेकीला धाडली. गावानं पाहिलं, गावानंही जाळी लावली. घरोघर गाबोळी झाली.

मग काय झालं? पुतळा बाळंतपणाला माहेरी निघाली. एकदा निघाली, नाव मधल्या धारेतून मागं फिरली. दुसऱ्यांदा निघाली, नाव फिरली. तिसऱ्यांदा निघाली, नाव फिरली. बाळंतपण सासरीच झालं. मग ठकू निघाली, तर तिचीही नाव फिरून ह्याच काठाला लागे. रोज संध्याकाळी पल्याड पुतळा पोरीला उंच धरी. ठकूला नुसती लाल कुंची दिसे. नाक कुणाचं, डोळे कुणाचे, काही कळेना. जीव तुटे. इकडे डोहातले खडसही दिसेनासे झाले.

एके दिवशी काठावर एक म्हातारी बसलेली. ठकूनं विचारलं, "बाई, कुणाची वाट बघता?"

"लेकींची गं. वरच्या उथळ पाण्यात त्यांचं माहेर. बाळंतपणाला निघतात, वाटेतच कुणी पोट चिरतं."

ठकूनं डोहाची राखणदार आसरा ओळखली, पाय धरले. "आई, उतले, मातले, चुकले. वसा सांग."

"मिरगापासून चढण सरेपर्यंत धारेत जाळं लावू नये, लावू देऊ नये. चढत्या खडशीची ओटी भरावी, 'सुखानं माहेरी जा' म्हणावं. मासा दिसला नाही, तरी भरावी."

मग ठकू वसा करू लागली. पहिल्या वर्षी नवरा चिडला, "खायचं काय, वाळू?" ती म्हणाली, "भाजीभाकर खाऊ." दुसऱ्या वर्षी गाव हसलं, "रिकाम्या पाण्याची ओटी भरते!" तिसऱ्या वर्षी एक खडस आली, पोटानं जड, दमलेली. एका भोयानं जाळं उचललं. ठकू कमरेएवढ्या पाण्यात आडवी उभी राहिली. "माहेरवाशीण आहे रे, दादा. जाऊ दे तिला." त्याच्याही घरी लेकी होत्या. त्यानं जाळं खाली ठेवलं. खडस वर गेली. चढण सरली, पिलं डोहात उतरली. गावानं वसा घेतला.

मग नाव काठाला लागली. पुतळा उतरली, मागून पोर चालत आली. ठकूनं हात पसरले. पोर आईच्या पदराआड लपली. म्हणाली, "आये, ही कोण गं?"

ठकूच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, "सांगेन गं बाई. आधी पोटभर बघू तर दे."

जशी खडस माहेरी पोचली, पुतळा माहेरी पोचली, तशा तुमच्या आमच्या लेकी पोचोत, वाट बघणारीचे डोळे निवोत. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ती तुम्हां आम्हां सुफळ होवो, संपूर्ण होवो.