देशमुखांनी मागून घेतलेला शीण

सदागीर महाराजांचा मुक्काम त्या वैशाखात पिंपळधरा गावी होता. गुरांना पाण्यावाचून तळमळताना पाहून महाराजांनी गावतळ्यातला गाळ उपसायला काढला. गाव राबू लागलं. देखरेख यादवराव देशमुखांनी आपणहून अंगावर घेतली होती. म्हणजे काठावरच्या निंबाखाली बाज टाकून, ताकाचा गडवा उशाशी ठेवून ते ओरडत असत.

त्यांचा सगळा राग पुंजाजीवर. हा काटकुळा, भोळा माणूस महाराजांचं नाव घेत टोपली वाहायचा. पण ऊन चढलं की पावलागणिक धापा टाकायचा. “नाव देवाचं आणि अंगात आळस!” देशमुख म्हणायचे. “बसायचं नाही!”

एके दिवशी भर दुपारी पुंजाजी चढावरच कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही! बायाबापड्या रडू लागल्या. महाराज धावत आले, त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

“सोंग आहे, महाराज,” देशमुख बाजेवरूनच म्हणाले. “उन्हानं कुठं माणूस थकतो?”

“मग याचा शीण तुम्ही घ्याल?” महाराजांनी शांतपणे विचारलं.

“द्या की! दोघांचा द्या!”

“एकाचाच पुरे,” महाराज म्हणाले आणि त्यांनी पुंजाजीच्या कपाळावरून हात फिरवला.

काय नवल! पुंजाजी नुकती आंघोळ केल्यासारखा ताजातवाना उठला. त्यानं टोपली डोक्यावर घेतली मात्र, इकडे सावलीत देशमुखांच्या पोटरीत गोळा आला. तो चढ चढू लागला, तशी देशमुखांना धाप लागली. त्यांनी गडवाभर ताक घटाघटा प्यायलं, घसा कोरडाच! डोक्यावर घागर ओतून घेतली. अंगाची आग तशीच.

“देशमुख, तुम्ही तर आडवेच आहात!” कुणीतरी म्हणालं आणि तळंभर हशा पिकला.

“पुंजाजी, बस रे खाली!” देशमुख कळवळले.

“कायले जी? आज थकवाच नाही. सांज होईस्तोवर थांबत नाही म्या!”

तेवढ्यात पुंजाजीनं वाटेत घोटभर पाणी प्यायलं आणि देशमुखांच्या घशाला गारवा लाभला. मग काय! पाण्याची घागर खांद्यावर घेऊन देशमुख अनवाणीच तापल्या गाळातून धावले.

“पी रे बाबा, पी!”

“पोट फुटन जी, मालक!”

“आणखी एक घोट. माझ्यासाठी!” एका हातानं त्याला पाणी पाजत आणि दुसऱ्या हातानं आपला शेला त्याच्या डोक्यावर धरत देशमुख त्याच्या मागं चढ चढत होते. पण पुंजाजी काही थांबेना. अखेर देशमुख चढावरच कोसळले. रांगतच ते महाराजांपाशी आले आणि त्यांनी पायांवर लोळण घेतली.

“चुकलो, महाराज! मी त्याला आळशी म्हणालो.”

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अंगातली आग विझली, घामाची धार लागली. “यादवराव, हा शीण ना त्याच्या आळसाचा होता, ना तुमच्या. तो उन्हाचा होता,” महाराज म्हणाले. “उद्यापासून काम पहाटे आणि उतरत्या उन्हात. दुपारी या निंबाखाली सगळे बसतील. उठा आता.”

पण देशमुख उठेनात. पायांवरचं कपाळ न उचलताच त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “महाराज, पुंजाजीनं टोपली खाली ठेवली का?”