तर्तुलाचं तेल आणि सम्राटाचं नाणं

रोमन लोकांच्या राज्यात, समुद्राकाठच्या एका गावात, तर्तुला नावाची एक तेलीण राहायची. ऑलिव्हची फळं स्वतः घाण्यात घालायची, तेल स्वतः मापायची. जीभ कडू, पण माप भरपूर.

त्या वर्षी सम्राटाने लढाया फार केल्या. तिजोरीतली चांदी आटली. मग त्याने काय करावं? तांब्याची नाणी पाडली, वरून चांदीचं पाणी दिलं आणि त्यावर आपलं तोंड छापलं. दवंडी पिटली, “हे चांदीचंच समजा. जो नाकारील त्याची खैर नाही.”

बाजार घाबरला. नाणी मुकाट घेऊ लागला आणि मालात भेसळ करू लागला. शेजारची दारूवाली नेविया म्हणाली, “अगं, मी दारूत पाणी ओततेय. तूही तेलात ढकल काहीतरी. खोट्याला खोटं, फिटंफाट!”

“चोरी वरच्याने केली आणि बुडवायचं गिऱ्हाईक? त्याने तुझं काय घोडं मारलंय?” तर्तुला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंमलदार गालस शिपाई घेऊन आला. बुधलाभर तेल मागितलं, नवं नाणं पुढे केलं. तर्तुलाने ते घाण्याच्या दगडावर घासलं. सम्राटाच्या नाकावर तांबं उघडं पडलं.

“बये, सम्राटाचं नाक घासतेस?”

“घासलं मी. तांबं त्यांनी भरलं. उचला हे.”

“तेल दे, नाहीतर रांजण फोडतो!”

वर्षाची कमाई त्या रांजणांत होती. पण ती दारातून हलली नाही.

“फोडा की! सांडेल तेही चोखच सांडेल.”

शिपायांनी रांजण फोडले. तेल गटारापर्यंत वाहत गेलं. अख्ख्या बाजाराने ते पाहिलं आणि माना खाली घातल्या.

सकाळी तर्तुला उरलीसुरली फळं घेऊन पुन्हा घाण्यावर. “नाणं नको. गहू आणा, मासळी आणा, तेल न्या.” हळूहळू बाजारही तसंच म्हणू लागला. कुणाकुणाची दुकानं फोडणार? पगाराच्या नाण्यांत शिपायांनाच भाकरी मिळेना. ते गालसच्या दारात जमले.

“चांदीच आहे ती! चांदीच समजा!” गालस ओरडला.

“मग आधी तुम्ही समजा,” असं म्हणून शिपायांनी थैल्या त्याच्या पायावर ओतल्या.

तात्पर्य: हुकूम सुटला म्हणून खोटं खरं होत नाही, आणि वरचा खोटा निघाला म्हणून आपण खोटं व्हायचं नसतं. नुकसान सोसा, पण ‘नाही’ म्हणा.