छत नावाची फाईल

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध अभियंता राहत असे. सारे त्यांना तात्या म्हणत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते घरीच संगणकविद्या शिकवीत. विद्यार्थी मोजकेच ठेवीत, पण शिकवण्यात हात आखडता घेत नसत. त्यांच्या शिष्यांत शर्वरी नावाची तरुणी सर्वांत कुशाग्र होती आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक होते.

त्याच गावात कौसल्याबाई रेशमाच्या कोवळ्या अळ्या वाढवण्याचे केंद्र चालवीत. अंड्यातून निघालेल्या अळ्या दहाएक दिवस जपायच्या, दुसरी कात टाकून झाली की शेतकऱ्यांच्या हवाली करायच्या, असा त्यांचा व्यवसाय. अळी फार नाजूक जीव. ऊन वाढले तरी सोसत नाही, गारठा पडला तरी सोसत नाही. म्हणून त्यांनी चार खोल्यांत पंखे, हीटर, धुके सोडणारे यंत्र आणि छतावर पाणी शिंपडणारा पंप बसवला होता, आणि हे सारे एका संगणकाला जोडून देण्याचे काम तात्यांकडे सोपवले होते. तात्यांनी ते शर्वरीला दिले.

शर्वरीने चार महिने खपून एक देखणा प्रोग्राम तयार केला. पडद्यावर प्रत्येक खोलीसाठी तुतीचे एक पान. सारे ठीक असेल तर हिरवे, उष्मा वाढला तर लाल. कौसल्याबाई तर ते पाहतच राहिल्या.

तात्यांनीही कौतुक केले. मग म्हणाले, "आता याच्या खाली अजून एक गोष्ट कर. प्रत्येक खोलीच्या नावाचा एक फोल्डर. त्यात साध्या फायली. तापमान नावाची फाईल उघडली की त्या क्षणाचा आकडा दिसला पाहिजे. पंखा नावाच्या फायलीत एक लिहिला की पंखा सुरू, शून्य लिहिला की बंद. छत नावाच्या फायलीचं तसंच, धुक्याचं तसंच. तापमानाच्या फायलीत मात्र कुणालाच लिहिता येऊ नये, आणि बाकीच्यांत फक्त कौसल्याबाईंना. तुझा प्रोग्रामसुद्धा याच फायलींतून बोलेल, कौसल्याबाईंच्याच नावाने."

"तात्या, हे सगळं पडद्यावर आहेच की!"

"असू दे. तरी कर."

शर्वरीने मनाविरुद्ध ते केले. पण खरा धक्का पुढेच होता. यंत्रणा सुरू करण्याच्या दिवशी तात्यांनी तो सुंदर पडदा बंद करून टाकला आणि कौसल्याबाईंना म्हणाले, "आठ दिवस हा उघडायचा नाही. या काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करून फाईल वाचायची आणि फायलीत लिहायचं. दोनच आज्ञा आहेत, मी शिकवतो."

"अहो, मी सातवी शिकलेली बाई," कौसल्याबाई कुरकुरल्या. "ते पान किती छान होतं!"

"सातवीपर्यंत वाचायला-लिहायला शिकलातच ना? तेवढं पुरे."

आठही दिवस शर्वरीचा चेहरा उतरलेला होता. गुरूंना आपल्या कामाचे मोल नाही, असेच तिला वाटत राहिले. नवव्या दिवशी पडदा पुन्हा सुरू झाला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

महिना गेला. एप्रिल तापला. शर्वरी मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी तीन तासांच्या अंतरावरच्या गावी गेली होती. पंगत बसत असतानाच फोन वाजला.

"पोरी, पान हिरवंगार आहे, पण खोलीत पाय ठेववत नाही," कौसल्याबाई म्हणाल्या.

शर्वरीच्या लगेच लक्षात आले. प्रोग्राम गोठला होता. सकाळचे चित्र तसेच धरून बसला होता, आणि कुठलेही यंत्र सुरू करत नव्हता. जवळ लॅपटॉप नाही, तिथून केंद्राच्या संगणकाशी जोडणी नाही. चारपैकी त्याच खोलीत तेव्हा अळ्या होत्या, पन्नास हजार, आणि बारा घरांतली माणसे दोन दिवसांनी त्या न्यायला येणार होती.

"कौसल्याकाकू, ती काळी चौकट..."

"ती उघडूनच बसलेय. तापमान वाचलं. चौतीस आहे."

 शर्वरी घाईने म्हणाली, "धुक्याच्या फायलीत एक लिहा. धुकं सुटलं की उतरेल." तिच्या प्रोग्रामनेही नेमके तेच केले असते.

"नाही ग बाई! अळ्या कातेवर बसल्यात. आता ओल लागली तर कात सुटायची नाही, अंगातच अडकून मरतील. मी छतावर पाणी सोडते. वरून पत्रा निवेल, आत थेंब यायचा नाही. पंखा जरासाच लावते, आणि थांबवते. तू फोन ठेवू नकोस मात्र."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. पंगतीत वाढपी दोनदा विचारून गेला, शर्वरीचे लक्ष नव्हते. "तेहतीस," कौसल्याबाई म्हणाल्या. बऱ्याच वेळाने, "एकतीस." मग हसून म्हणाल्या, "अठ्ठावीसवर आलं बघ. तू जेव आता."

दुसऱ्या दिवशी शर्वरीने दोष शोधला. आलेख काढण्यासाठी तिचा प्रोग्राम पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक आकडा स्मरणात साठवत होता, आणि अखेर त्या ओझ्याने बसला होता. खालच्या फायली मात्र शांतपणे आपले काम करत होत्या. दोष दुरुस्त करून ती तात्यांकडे गेली.

"पडदा आठ दिवस का बंद ठेवला होता, ते कळलं," ती म्हणाली. "तो कधीतरी बिघडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"बिघडतं सगळंच. पण तेवढंच कारण नव्हतं," तात्या म्हणाले. "पंप, पंखा, हीटर, प्रत्येकाची रीत वेगळी. ती गुंतागुंत आपण आत सोसायची, म्हणून आपण शिकलो. बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचं ते वाचणं आणि लिहिणं, कारण ते त्याच्यापाशी आधीपासून आहे. तुझ्या पडद्यावर तेच करता येत होतं, जे तुला सुचलं होतं. अळी कातेवर बसते, हे तुला ठाऊक होतं का?"

"नाही."

"मलाही नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, त्या माणसाचा हात यंत्रापर्यंत पोहोचला. आपलं काम एवढंच."

 शर्वरीच्या मनात खंत होती, पण त्या खंतीखाली कसलेसे समाधानही होते. तिने विचारले, "पडद्यावर कातेची खूण घालू का?"

"जरूर घाल. पण ती कशी असावी, ते मला विचारू नकोस."

त्या दुपारी शर्वरी वही घेऊन केंद्रात गेली. कौसल्याबाई कात टाकून उठलेल्या अळ्यांच्या ट्रेमध्ये बारीक चिरलेला तुतीचा पाला पसरत होत्या. शर्वरी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "काकू, खोलीत आल्या आल्या तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?"

कौसल्याबाईंनी पाल्याची पाटी थोडी तिच्याकडे सरकवली. "आधी हात धू," त्या म्हणाल्या, "मग सांगते."