साळुंकीची गोष्ट आणि कोंडवाड्याचे दगड

फार पूर्वी एका माळावरच्या जनावरांनी दगडांचा कोंडवाडा बांधला होता. कुणी दुसऱ्याच्या पिकात शिरलं की रेडा त्याला आत कोंडायचा आणि कावळा माळभर ओरडायचा, "चोर सापडला!"

साळुंकी गुरांच्या पाठीवरचे गोचीड टिपायची, म्हणून ती कोंडवाड्यातही जायची. एकदा आतली बांडी गाय तिला म्हणाली, "मका खायला नव्हते गेले गं. ओढ्याचा बांध फुटला, पाणवठा आटला. वासरू तहानेनं कासावीस झालं, म्हणून मळ्यातल्या पाटाकडे निघाले. वाटेत मका लागला."

साळुंकीला भरून आलं. त्या दिवसापासून ज्याच्या पाठीवर बसेल त्याला ती ही गोष्ट सांगू लागली.

कावळा भडकला. "गोष्ट मक्यापासून सुरू होते!"

"तुझी होत असेल," साळुंकी म्हणाली. "तिची फुटक्या बांधापासून होते."

रेडा मान खाली घालून ऐकत होता. "बांध फुटला, तेव्हा दगड नाहीत म्हणालो होतो आपण," तो पुटपुटला. मग त्याने कोंडवाड्याच्या भिंतीला शिंग लावलं.

दगड ओढ्यावर गेले, बांध उभा राहिला. पाणवठा भरला, तेव्हा सगळ्यात आधी चोच बुडवली ती कावळ्याने. बांडी गाय जरा सरकली आणि तिने त्याला जागा दिली.